वहीतल्या पेट्या आणि अ‍ॅनालिटिक्समधल्या पेट्या

२०२४चा हंगाम संपला आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात दादाचा देवगडहून फोन आला. आंबा सगळा गेला होता, पैसेही बहुतेक जमा झाले होते, पण त्याचा आवाज मोकळा नव्हता. त्या वर्षी त्याने प्रथमच निम्म्याहून जास्त माल वाशीला न धाडता थेट गिऱ्हाइकाला विकला होता. त्यासाठी ऑनलाइन जाहिराती केल्या, पुण्यातल्या सोसायट्यांत पत्रकं वाटली, ओळखीच्यांच्या ग्रुपवर मेसेज फिरवले. यातल्या कशामुळे किती पेट्या गेल्या, ते मात्र त्याला सांगता येत नव्हतं. दलालाकडे माल गेला की पट्टी येते. किती पेट्या, काय भाव, हमाली-तोलाई किती कापली, सगळं कागदावर असतं. वेबसाइटची अशी पट्टी कुठे मिळते, एवढंच त्याला विचारायचं होतं.

मी पुण्यात एका कंपनीचे हिशेब बघते. कोडिंग मला येत नाही. पण रोजमेळ जुळला नाही तर मला झोप लागत नाही आणि दादाचा प्रश्न रोजमेळाचाच होता. मोहोर यायच्या सुमाराला, डिसेंबरात, मी हे काम हातात घेतलं.

पहिल्यांदा साइटवर आधीचं काय आहे ते पाहिलं. ज्यांनी साइट बांधून दिली होती त्यांनी थीममध्ये अ‍ॅनालिटिक्सचा कोड टाकलेला होता. अ‍ॅनालिटिक्स म्हणजे साइटवर कोण येतं, काय करतं ते मोजणारी गूगलची सेवा. आमचा कोड ‘यूए’ने सुरू होणारा, म्हणजे जुन्या युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्सचा. ती पद्धत १ जुलै २०२३ला थांबली. त्या दिवसापासून साधी युनिव्हर्सल खाती नवीन काहीही नोंदवत नव्हती. दीड वर्ष आमच्या साइटवर मोजमापाचा नुसता सांगाडा उभा होता आणि दादा समजत होता की मोजणी चालू आहे. शिवाय ते खातं बांधणाऱ्याच्या ईमेलवर होतं, आमच्याकडे चावीच नाही. म्हणून मी पहिलं काम केलं ते दादाच्या स्वतःच्या जीमेलवर गूगल अ‍ॅनालिटिक्स ४ची प्रॉपर्टी, म्हणजे साइटच्या मोजणीचं नवं खातं, उघडण्याचं. गूगल टॅग मॅनेजरचं खातंही त्याच्याच नावावर काढलं आणि स्वतःला फक्त वापरकर्ती म्हणून जोडून घेतलं. ज्याचा धंदा त्याच्या नावावर खातं, हे दुकानाच्या बँक खात्याला लागू आहे तसंच इथेही लागू आहे. कोणी कितीही ओळखीचा असला तरी यात तडजोड करू नये, असं माझं ठाम मत आहे.

टॅग मॅनेजर मला समजला तो व्हाउचरच्या भाषेत. टॅग म्हणजे काय नोंदवायचं आणि कुठल्या वहीत. ट्रिगर म्हणजे ती नोंद केव्हा करायची. व्हेरिएबल म्हणजे नोंदीत भरायची रक्कम, नाव, नंबर. साइटवर एकदाच कंटेनरचे, म्हणजे हे सगळं ठेवायच्या डब्याचे, कोडचे दोन तुकडे बसवायचे, एक पानाच्या डोक्यात शक्य तितका वर आणि दुसरा मजकुराचा भाग सुरू होतो तिथे लगेच. त्यानंतर साइटला हात न लावता टॅग मॅनेजरमधूनच नोंदी वाढवता येतात, बदलता येतात. साइट वर्डप्रेस या साइट बांधायच्या प्रणालीवर, दुकान तिच्यावरच्या वूकॉमर्सवर. दोन्ही तुकडे एका प्लगइनने, म्हणजे साइटला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमने, बसवले आणि जुना मेलेला कोड काढून टाकला. तपासणीसाठी टॅग मॅनेजरचा प्रीव्ह्यू उघडला तर जोडणीच होईना. अर्धा तास शोधल्यावर कळलं की साइट वेगवान करणारा कॅशेचा प्लगइन अजून साठवून ठेवलेलं जुनंच पान वाढत होता. कॅशे रिकामी केली आणि टॅग असिस्टंटच्या खिडकीत ‘कनेक्टेड’ उमटलं.

त्या खिडकीबद्दल थोडं सांगते, कारण पुढच्या चार महिन्यांत माझा सगळ्यात जास्त वेळ तिथे गेला. एका बाजूला आपली साइट, दुसरीकडे घटनांची उतरंड. पान उघडलं, बटण दाबलं, काहीही केलं की डाव्या रकान्यात एक ओळ वाढते. त्या ओळीवर टिचकी मारली की त्या क्षणी कुठले टॅग पेटले, म्हणजे चालले, आणि कुठले नाही, ते दोन गटांत दिसतं. न पेटलेल्या टॅगवर गेलं की ट्रिगरची कुठली अट पुरी झाली नाही, तिथे लाल फुली असते. मला वाटतं, टॅग मॅनेजर शिकायचा असेल तर ही फुली वाचायला शिकणं हाच निम्मा अभ्यास आहे.

मात्र टॅग लावण्याआधी मी दादाला फोन करून विचारलं, की नेमकं काय जाणून घ्यायचंय. मोजता तर शंभर गोष्टी येतात. तो म्हणाला, “माका एवढाच सांग, गिऱ्हाईक येता खंयसून आणि पाठी फिरता खंय?” म्हणजे गिऱ्हाईक कुठून येतं आणि कुठे मागे फिरतं. मी ते वाक्य कागदावर लिहून लॅपटॉपच्या वर चिकटवलं. ज्या टॅगने या दोनपैकी एकाचंही उत्तर मिळत नाही तो लावायचा नाही, असं ठरवलं. त्यामुळे माझ्या कंटेनरमध्ये आजही दहाच्या आत टॅग आहेत.

आमच्याकडे बरीच गिऱ्हाइकं साइटवर येऊन आंबा बघतात, आणि ऑर्डर मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर देतात. म्हणून पहिला खरा टॅग व्हॉट्सअ‍ॅपच्या बटणाचा. अ‍ॅनालिटिक्स ४ बाहेरच्या लिंकांवरचे क्लिक आपणहून नोंदवतं, पण मला ही नोंद त्या ढिगातून वेगळी हवी होती. मी सगळ्या घटकांवरच्या क्लिकचा ट्रिगर घेतला आणि अट घातली, की क्लिकच्या पत्त्यात व्हॉट्सअ‍ॅपची लिंक असावी. टॅग पेटला नाही. लाल फुली पाहिली तर क्लिकच्या पत्त्यात व्हॉट्सअ‍ॅपची लिंक नव्हतीच. कारण असं, की बटण म्हणजे लिंकच्या आत बसवलेलं हिरवं चित्र. बोट पडतं चित्रावर, आणि हा ट्रिगर बोटाखालचा सगळ्यात आतला घटक धरतो. चित्राला लिंकचा पत्ता कुठला? मग ‘जस्ट लिंक्स’ प्रकारचा ट्रिगर घेतला. तो चित्राबाहेरची लिंक शोधून तिचा पत्ता देतो. लगेच पेटला. फोन नंबरवरच्या क्लिकलाही तोच मार्ग चालला. पण या दोन्ही नोंदी मी विक्रीत धरल्या नाहीत. बटण दाबणं म्हणजे चौकशी. पेटी गेली की विक्री.

विक्रीच्या टॅगने मात्र खरी परीक्षा घेतली. ऑर्डर पुरी झाली की आभाराचं पान येतं, त्या पानावर टॅग पेटवायचा, इतकं सोपं मला वाटलं होतं. वहिनींनी हौसेने त्या पानाचा पत्ताही मराठीत ठेवला होता, ‘आभार’. मी ट्रिगरमध्ये अट घातली, की पानाच्या पत्त्यात ‘आभार’ असावं. साइटवर एक रुपयाचं ‘चाचणी’ नावाचं लपवलेलं उत्पादन तयार केलं, लॅपटॉपवरून कार्डाने एक रुपया भरला, आभाराचं पान आलं, आणि टॅग गप्प. व्हेरिएबलच्या रकान्यात पाहिलं तर पत्त्यात मराठी अक्षर एकही नाही. टक्क्याची खूण, ई, शून्य, टक्क्याची खूण, ए, चार, टक्क्याची खूण, आठ, सहा... हा झाला नुसता ‘आ’. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत आपल्याला देवनागरी दिसते, पण आतमध्ये पत्ता असा सांकेतिक होऊन जातो. देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाची तीन बाइट, प्रत्येक बाइटची तीन चिन्हं. आ, भ, काना, र. तीन अक्षरांचा शब्द आणि पत्त्यात छत्तीस चिन्हं. माझी अट देवनागरी शोधत होती आणि समोर ती नव्हतीच.

पत्ता रोमन अक्षरांत करून घेतला. टॅग पेटला. मग नवीन अडचण. मोबाइलवर लोक ते पान तसंच उघडं ठेवतात, दोन तासांनी ब्राउझर उघडला की पान पुन्हा लोड होतं आणि विक्री पुन्हा मोजली जाते. शिवाय या पद्धतीत रक्कमही येत नव्हती. शेवटी मी पानाच्या पत्त्याचा नाद सोडला आणि डेटा लेयरकडे वळले. डेटा लेयर म्हणजे साइट आणि टॅग मॅनेजर यांच्यामधला ट्रे. साइट त्यात ऑर्डर नंबर, रक्कम, चलन, कुठला आंबा, किती डझन हे ठेवते आणि टॅग तिथून उचलतो. वूकॉमर्सच्या ऑर्डरी त्या ट्रेमध्ये ठेवायची सोय प्लगइनमध्येच होती, फक्त चालू करायची राहिली होती. ऑर्डर नंबर जोडलेला असला की तीच विक्री पुन्हा आली तरी अ‍ॅनालिटिक्स ती एकदाच धरतं. व्हाउचर नंबराशिवाय नोंद घ्यायची नाही, हे मी ऑफिसात रोज म्हणते, तेच इथे आधी विसरले होते.

जानेवारीत एका रात्री साइटवर मी एकटीच होते, तरी एकेका पानाची नोंद दोनदा पडत होती. साइटच्या दुसऱ्याच एका प्लगइनने अ‍ॅनालिटिक्सचा कोड स्वतःहून टाकला होता, आणि टॅग मॅनेजरमधूनही तोच जात होता. टॅग असिस्टंटमध्ये दोन्ही शेजारी शेजारी दिसले. एक बंद केला. हे वेळेत सापडलं नसतं तर सगळा हंगाम दुपटीने मोजला गेला असता.

आणखी एक गोष्ट त्याच सुमाराला सापडली, ती पाहून मात्र मला धस्स झालं. चौकशीचा फॉर्म भरला की पुढच्या पानाच्या पत्त्यात त्या माणसाचा मोबाइल नंबर उघडा दिसत होता. आणि पानाचा पत्ता जसाच्या तसा अ‍ॅनालिटिक्सकडे जातो. माणूस ओळखता येईल अशी माहिती तिथे पाठवायला गूगलच्या नियमांतच मनाई आहे, आणि आपल्याकडे २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झालेला आहे. पण नियम बाजूला ठेवले तरी, आंब्याची चौकशी करणाऱ्या एखाद्या आजींचा नंबर आपण तिसऱ्याच्या वहीत का लिहावा? फॉर्म पाठवण्याची पद्धत त्याच दिवशी बदलून घेतली. साइटवर आम्ही काय मोजतो आणि काय मोजत नाही, याचं साध्या मराठीतलं एक पान लिहिलं. ते पान मी तीनदा लिहिलं, वहिनींना वाचून दाखवलं, आणि त्यांना पहिल्या वाचनात कळलं तेव्हाच लावलं.

साठवणीची मुदतही तेव्हाच बदलली. तपशिलातल्या शोधासाठी, म्हणजे एक्स्प्लोरेशनमध्ये, अ‍ॅनालिटिक्स मुळात दोनच महिन्यांचा माल ठेवतं. ती मुदत चौदा महिने करता येते. आंब्याचा धंदा वर्षातून एकदाच येतो. या पाडव्याची तुलना पुढच्या पाडव्याशी करायची तर दोन महिन्यांत काय होणार? आणि मुदत आधीच वाढवून ठेवावी लागते, गेलेला माल परत मिळत नाही.

१० मार्च २०२५, सोमवार. सकाळी नऊला दादाने आगाऊ नोंदणी उघडली. अ‍ॅनालिटिक्समध्ये आकडे पुरते स्थिरावायला एक-दोन दिवस जातात, म्हणून बुधवारी रात्री आम्ही दोघं फोनवर बसलो. त्याच्यासमोर वही, माझ्यासमोर लॅपटॉप. “वहीत सोमवारचे सात आसत. तुझ्याकडे?” माझ्याकडे सोमवारचे चार. आणि रविवारचे तीन.

रविवारी नोंदणी उघडलीच नव्हती.

बेरीज सातच होती, म्हणजे काही हरवलं नव्हतं, दिवस चुकला होता. प्रॉपर्टीच्या सेटिंगमध्ये गेले आणि उत्तर मिळालं. प्रॉपर्टी उघडताना वेळेचा रकाना मी न बघता पुढे गेले होते आणि तिथे लॉस एंजेलिसची वेळ राहिली होती. अमेरिकेत त्या सोमवारच्या आदल्याच दिवशी घड्याळं एक तास पुढे गेली होती, त्यामुळे तिथली मध्यरात्र म्हणजे आपल्या दुपारचे साडेबारा. दुपारी साडेबाराच्या आधीची प्रत्येक ऑर्डर आदल्या दिवशी पडत होती. चलनाच्या रकान्यातही डॉलर होते. दोन्ही बदलले. पण असा बदल पुढच्या नोंदींनाच लागतो, मागच्या तशाच राहतात. त्या तीन ऑर्डरी आजही रविवारीच आहेत. दादाने वहीत त्या पानाच्या समासात तशी टीप लिहून ठेवली आहे.

आठवडाभराने पुन्हा मेळ घातला. वहीत एकोणीस, माझ्याकडे पंधरा. आता वेळ बरोबर, दुप्पट मोजणी नाही, मग चार गेल्या कुठे? चारही ऑर्डरी काढून पाहिल्या. चारही मोबाइलवरून, चारही यूपीआयने. मी माझ्या फोनवरून पुन्हा तो एक रुपयाचा माल घेतला. साइटवरून यूपीआयचं अ‍ॅप उघडलं, पिन टाकला, बरोबरची खूण आली. तेवढ्यात ऑफिसातून फोन आला आणि मी बोलायला लागले. फोन ठेवला तेव्हा साइट विसरूनही गेले होते. पैसे पोचल्याचा निरोप पेमेंटवाल्यांकडून थेट सर्व्हरला गेला होता, दादाला ऑर्डरही दिसली होती. पण माझ्या ब्राउझरने आभाराचं पान उघडलंच नाही, मग टॅग पेटणार कसा? गिऱ्हाइकांचंही असंच होत असणार. पैसे गेले, काम झालं, कोण परत येतो?

सर्व्हरवरून थेट नोंद पाठवायचा मार्ग आहे, पण तो माझ्या आवाक्यातला नव्हता आणि ऐन हंगामात शिकण्यातला तर नव्हताच. म्हणून ठरवलं, की विक्रीचा आकडा वहीचा आणि वूकॉमर्सच्या यादीचा. अ‍ॅनालिटिक्स फक्त वाटा दाखवायला. वूकॉमर्स प्रत्येक ऑर्डरसोबत गिऱ्हाईक कुठून आलं हे स्वतःही टिपून ठेवतं, त्यामुळे त्या चारांचाही माग लागला.

वाटांच्या यादीतही एक गफलत होतीच. सगळ्यात जास्त ऑर्डरी आणणारा म्हणून पेमेंट कंपनीचं नाव पहिल्या क्रमांकावर! गिऱ्हाईक पैसे भरायला तिकडे जातं आणि परत येतं, तेव्हा ते तिकडूनच आलं असं धरलं जात होतं. नको असलेल्या रेफरल्सच्या, म्हणजे वाट म्हणून न धरायच्या साइटच्या, यादीत ते नाव घातलं आणि खऱ्या वाटा वर आल्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले बरेचसे ‘डायरेक्ट’मध्ये, म्हणजे वाट न कळलेल्यांत, पडत होते, म्हणून प्रत्येक ग्रुपसाठी आणि पत्रकावरच्या क्यूआरसाठी यूटीएम, म्हणजे वाटेचं नाव सांगणारी शेपटी, लावलेल्या वेगळ्या लिंका केल्या. वहिनींनी एक लिंक स्वतः बनवली, त्यात पहिलं अक्षर कॅपिटल पडलं आणि एकाच वाटेच्या दोन ओळी झाल्या. तेव्हापासून लिंका एका शीटमध्ये तयार ठेवतो, तिथूनच उचलायच्या. घरच्या भेटी वगळणं सोपं गेलं नाही. दादाकडे इंटरनेट मोबाइलचं, इंटरनेटवरचा पत्ता, म्हणजे आयपी, सतत बदलणारा, त्यामुळे त्यावरून गाळणं जमेना. त्याच्या आणि वहिनींच्या फोनमध्ये एक खुणेची कुकी, म्हणजे ब्राउझरमध्ये राहणारी छोटी नोंद, ठेवून ते केलं. गाळणी आधी चाचणीवर ठेवून पाहिली, कारण एकदा चालू केली की गाळलेलं परत मिळत नाही.

आता दादाच्या प्रश्नाचा दुसरा भाग, गिऱ्हाईक फिरतं कुठे. ते चेकआउटला, म्हणजे ऑर्डर पुरी करायच्या पानावर, येत होतं, पत्ता भरत होतं, आणि तिथेच थांबत होतं. मी गिऱ्हाईक होऊन सगळा प्रवास मोबाइलवर केला. पाच डझनांची पेटी निवडली, नाव-पत्ता भरला, पिनकोड टाकला, आणि तेव्हा, अगदी शेवटी, घरपोच पोचवण्याचा खर्च रकमेत वाढला. मलाही तो खटकला. वास्तविक खर्च वाजवी होता. पण आधी सांगितला नव्हता. दादाने त्याच संध्याकाळी पुणे, मुंबई, ठाणे, नाशिक अशा शहरांचे दर आंब्याच्या फोटोखालीच लिहिले. त्यानंतर चेकआउटला येणारे थोडे कमी झाले, आणि आलेल्यांपैकी पुरे करणारे वाढले. पहिल्या प्रश्नाचं उत्तरही एप्रिलपर्यंत दिसायला लागलं होतं. जाहिरातींनी माणसं पुष्कळ आणली, पेट्या सोसायट्यांच्या ग्रुपांनी नेल्या. पत्रकावरचा क्यूआर फारसा कोणी स्कॅन केला नाही, म्हणून दादाने दुसऱ्या खेपेची पत्रकं छापलीच नाहीत.

३० एप्रिलला अक्षय तृतीया होती. त्या दिवसाच्या घाईतून मोकळं झाल्यावर दादाने मला वहीच्या पानाचा फोटो पाठवला. नाव, गाव, डझन, रक्कम या रकान्यांच्या पुढे त्याने पट्टीने एक नवी रेघ मारली होती आणि वर लिहिलं होतं, ‘खंयसून’. फोनवर ऑर्डर देणारे कुठल्याच टॅगला दिसत नाहीत, म्हणून तो प्रत्येकाला स्वतः विचारत होता. त्या पानावर अकरा नावं होती. चार जणांपुढे ‘बहिणीचो ग्रुप’, दोघांपुढे ‘गेल्या वर्षी घेतललो’, एकापुढे ‘वाटेत बोर्ड बघून’. ती वही आता मी माझ्या शीटमध्ये उतरवते आहे.